राजीनाम्यावर तारीख घालण्याआधी

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. कमिटीतली ती बैठक, पाठीमागची कुजबुज, आणि ज्या कुटुंबाच्या दुःखात तू रात्र-रात्र बसलास तेच चर्चची मंडळी सोडून गेलं. सगळं वाचलं. ‘देवानं मला सेवेसाठी केलेलं पाचारणच खोटं होतं की काय?’ या ओळीपाशी मात्र थांबलो. राजीनामा लिहून ठेवलाय म्हणतोस. असू दे. फक्त त्यावर तारीख घालू नकोस.

‘प्रार्थना कर, सगळं ठीक होईल,’ असं मी लिहिणार नाही. आपण पाळक मंडळी हे वाक्य फार स्वस्तात वाटत फिरतो.

बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय तू कितीदा तरी शिकवला असशील. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागतो. त्याआधीच्याच अध्यायात कर्मेल डोंगरावरचा त्याचा विजय आहे, म्हणजे तो काही हरून खचला नव्हता. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवून खायला देतो, तो झोपला की पुन्हा उठवून खायला देतो. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं. आणि ‘मी एकटाच उरलो’ हा त्याचा हिशेब चक्क 7,000 माणसांनी चुकलेला! तुझ्या पत्रात सोडून गेलेल्या सगळ्यांची नावं आहेत. राहिलेल्यांपैकी एकाचंही नाही.

इंग्लंडमधला पाळक चार्ल्स सिमियन, त्याचं तुला ठाऊक असेल. 1782 साली केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याची नेमणूक झाली, पण मंडळीला दुसराच माणूस हवा होता. ज्यांच्या मालकीची बाकं होती त्यांनी ती कुलूपबंद केली आणि स्वतः यायचं बंद केलं. आलेले लोक मधल्या वाटेत उभं राहून ऐकायचे. त्यानं स्वखर्चानं बाकं मांडली, तर तीही बाहेर फेकली गेली. हे वर्षानुवर्षं चाललं. तरी 1836 मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. जे उभे होते त्यांच्यासाठी त्यानं तयारी केली, हे मला त्याच्या चिकाटीपेक्षाही मोठं वाटतं.

अर्थात टिकून राहणं म्हणजेच विश्वासूपणा, असंही नाही. अमेरिकेतला पाळक जोनाथन एडवर्ड्स, त्याला 1750 मध्ये त्याच्याच मंडळीनं काढलं आणि त्याची सेवा दुसरीकडे चालू राहिली. तुलाही कदाचित जावं लागेल. पण तो निर्णय झोप झालेल्या माणसानं घ्यावा.

आता थोडं कडू. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे म्हणतो की एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला झेपत नाही, आणि देव त्याला 70 वडीलधारी माणसं निवडायला सांगतो. तू मात्र हिशेब, तरुण संघ, घरभेटी, इस्पितळ, सगळं स्वतःकडेच ठेवलंस. त्यात सेवाभाव आहे, तसाच तुझ्या मंडळीतल्या वडीलजनांवरचा अविश्वासही आहे. निदान हिशेबाच्या वह्या तरी याच महिन्यात कुणाकडे तरी सोपव.

आणि दोन रविवार सुट्टी घे. उपदेशाला मी येतो. कमिटीला काय सांगायचं ते तू ठरव. वहिनींना हे पत्र वाचायला दे. त्यांनी होकार दिला की तारखा कळव.

तुझाच मित्र