वळिवड्याच्या पोलिश लोकांवर मराठी सिनेमा हवा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा लॉ कॉलेज रोडला हद्दपारीवरचा एक पोलिश सिनेमा बघितला, त्यात मध्यरात्री दारावर थापा पडतात आणि आई घाईघाईत पोराला एकावर एक तीन स्वेटर चढवते, तो सीन काही केल्या डोक्यातून जात नाहीये. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं अशीच मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली. जुलै १९४१ मध्ये लंडनला पोलंडच्या निर्वासित सरकारचा आणि सोव्हिएत सरकारचा करार झाला म्हणून त्यातली बरीच सुटली, इराणमार्गे निघाली आणि जवळपास ५ हजार जण १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, शाळा, चर्च सगळं पोलिश! माझी आजी तिकडचीच. ती सांगायची, पोलिश बायका वांगी घ्यायला यायच्या आणि 'किती', 'नको' चक्क मराठीत म्हणायच्या.

सिनेमांत करार म्हणजे टेबलाभोवती सूटबूटवाले, बास. मला तर सहीनंतरचं बघायचंय, परक्या मुलखात आपली भाषा कशी जपली ते. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, एवढी हुशार पोरं आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावं. वळिवड्यात ती माणसं पाहिलेले लोक आता नव्वदीच्या घरात असतील, त्यांना आत्ताच जाऊन भेटा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे