टीव्हीच्या खोक्यावर पॅनेलचा प्रकार छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मोठ्या टीव्हीच्या खरेदीवर लेख आला होता. त्यातल्या तक्त्यात चारच रकाने होते: इंच, फोर-के, स्मार्ट सुविधा आणि वॉरंटी. आमच्या घरी त्याच सुमारास दोन टीव्हींवर येऊन घोडे अडले होते आणि तक्ता वाचूनही ते जागचे हलले नाही. दोन्ही फोर-के, दोन्ही स्मार्ट, वॉरंटी सारखीच. एक ५५ इंची, दुसरा ६५ इंची, आणि किंमत जवळपास एकच. एवढ्यावर कोणीही ६५ इंचीच उचलेल. पण वरचे दहा इंच कशाच्या बदल्यात मिळतात, ते त्याला कोणी सांगणार नाही.

माझा व्यवसाय फोटो छपाईचा. काळा रंग काळाच उतरला की करडा पडला, चेहऱ्यावर निळसर झाक आली का, हे बघण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे दुकानात गेल्यावर आधी रिमोट मागितला. तिथे सगळे टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात. पांढरा रंग निळा मारतो आणि हिरवळ डोळ्यांत घुसते. दोन्ही सेट सिनेमा मोडवर आणले. हा मोड सुरुवातीला पिवळट वाटतो, पण ६५०० केल्विनच्या ज्या पांढऱ्यावर चित्रपटांचे रंग ठरवले जातात त्याच्या तोच सर्वांत जवळ असतो. डोळे थोड्या वेळात सरावतात. हलत्या चित्रात मधल्या फ्रेम घुसवणारी सोयही बंद केली. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ही सोय चालू राहिली तर तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो.

पेनड्राइव्हवर मी दोन चित्रे नेली होती. एक पूर्ण काळे, खाली पांढऱ्या अक्षरांची ओळ. दुसरे नुसते करडे. काळ्या चित्रावर फरक लगेच उघडा पडला. ६५ इंचीत काळा रंग करडा दिसत होता आणि कडांकडून उजेड आत झिरपत होता, कारण त्याचे दिवे फक्त कडेला. ५५ इंचीत पडद्यामागे सगळीकडे दिवे आणि ते गटागटाने मंद होणारे, त्यामुळे काळा बराच खोल. अक्षरांभोवती तेवढे धुरकट वलय. करडे चित्र डाग शोधायला. डाग असतील तर मैदानावर कॅमेरा सरकतो तेव्हा ते पडद्यालाच चिकटून राहिल्यासारखे दिसतात. दोन्ही सेट यात बरे निघाले.

मग बाजूला सरकून पाहिले आणि पारडे फिरले. तिरक्या कोनातून ५५ इंचीचे रंग फिकट पडले, काळा उजळला. ६५ इंची जवळजवळ होता तसाच राहिला. छपाईचे ठिपके तपासायचे भिंग पर्समध्ये असतेच, ते काळ्या चित्रातल्या पांढऱ्या अक्षरांवर टेकवले. ५५ इंचीत लाल-हिरव्या-निळ्या सरळ उभ्या पट्ट्या, ६५ इंचीत बाणाच्या टोकासारख्या मोडलेल्या. पॅनेल म्हणजे चित्र उमटवणारा मूळ पडदा, आणि त्याचे व्हीए व आयपीएस हे दोन प्रकार. सरळ पट्ट्या बहुधा व्हीए पॅनेलच्या असतात, मोडलेल्या आयपीएसच्या. व्हीएचा काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचा उजेड काळ्याच्या किती पट, साधारण ३००० ते ५००० ला १, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. पण व्हीए समोरून बघायचा पडदा आणि आयपीएस बाजूनेही चालणारा. दोन्ही टीव्हींतला खरा फरक हा होता, आणि खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नव्हते.

आमच्या घरी हाच मुद्दा कळीचा. सोफा पडद्यापासून आठ फुटांवर, अगदी समोर. आईची कॉट मात्र बाजूच्या भिंतीला. दिवसभर टीव्ही बघते ती आईच, तेही तिरक्या कोनातून आणि खिडकीच्या उजेडात. नुसता सोफा असता आणि दिवे मालवून चित्रपट बघणारे आम्ही दोघेच असतो, तर मी डोळे झाकून ५५ इंची घेतला असता. आईसाठी ६५ इंची घेतला. त्याचे क्षेत्रफळ ५५ इंचीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त, त्यामुळे बातम्यांखालची पट्टी तिला चष्म्याशिवायही वाचता येते. रात्री काळा करडा दिसू नये म्हणून पडद्यामागे एक मंद पांढरा दिवा लावतो. भिंत उजळली की त्याच पडद्यावरचा काळा डोळ्याला जास्त गडद भासतो.

फोर-केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, उदोउदो होतो म्हणून तेही लिहिते. निरोगी डोळ्याला आठ फुटांवरून साधारण ०.७ मिलिमीटरचा ठिपका वेगळा ओळखता येतो. ५५ इंचीवर साध्या फुल एचडीचाच ठिपका ०.६३ मिलिमीटर भरतो. म्हणजे तेवढ्या अंतरावर फोर-केने पदरात फारसे काही पडत नाही. एचडीआरचेही, म्हणजे उजळ आणि गडद भागांत जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राचेही, तसेच. तसे चित्रपट बहुधा १००० निट्स (निट हे पडद्याचा उजेड मोजायचे माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून तयार होतात. जेमतेम ३०० निट्सचा पडदा तो सिग्नल घेतो, उजेड कुठून आणणार? तरी दोन्ही शिक्के खोक्यावर ठळक असतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे एकाच मॉडेलमध्ये इंच बदलले की पॅनेलही बदललेले असू शकते. ५५ इंचीचे परीक्षण वाचून माणूस ६५ इंची घरी आणतो आणि भलताच पडदा पदरी पडतो. वर्षभर पैसे बाजूला टाकून टीव्ही घेणाऱ्या घरावर हा सरळ अन्याय आहे. महागडे सेट घेणाऱ्याला सगळेच चांगले मिळते. निवड करावी लागते ती हात राखून खर्च करणाऱ्याला, आणि नेमकी त्याच्यापासूनच माहिती लपते.

छापायला लावले तर कंपन्या छापतात. युरोपीय संघात २०२१ पासून टीव्हीच्या लेबलवर १००० तासांचा वीजवापर साध्या चित्राचा वेगळा आणि एचडीआरचा वेगळा द्यावा लागतो. त्याच लेबलवर पॅनेलचा प्रकार, काँट्रास्ट, निट्स, दिवे कडेला की मागे, त्यांचे गट किती आणि पॅनेलचा खरा हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, सहज मावेल. खरा हर्ट्झ म्हणते, कारण ६० हर्ट्झच्या पडद्याला भलतेसलते नाव देऊन २४० चा आकडा चिकटवलेला सर्रास दिसतो.

आपल्याला एवढीच विनंती, की पुढच्या तक्त्यात स्मार्ट सुविधांचा रकाना काढून तिथे पॅनेलचा प्रकार द्यावा. ॲप्स नसली तर एक छोटी स्टिक लावून भागते, पॅनेल काही बदलता येत नाही. आणि कोणत्या इंचाचा सेट तपासला, तेही प्रत्येक परीक्षणाच्या वर लिहावे.

आपली,
एक नियमित वाचक