निगेटिव्ह भंगारात जाऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला कॅमेऱ्याच्या इतिहासावरील लेख वाचला. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, इथून लेख जवळजवळ थेट मोबाइलवर येऊन पोचतो आणि मधला निगेटिव्हचा दीडशे वर्षांचा काळ दोन ओळींत आटोपतो, हे खटकले.

दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे चित्र विलक्षण रेखीव असे, पण त्यावरून दुसरी प्रत निघत नसे. पत्रा गेला की चित्र गेले. इंग्लंडच्या टॅल्बट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीत आधी कागदावर उलट्या छायेचे चित्र, म्हणजेच निगेटिव्ह, मिळे आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. पुढे काच आली, मग फिल्म आली. तत्त्व तेच राहिले.

या तत्त्वाचा उपकार आमच्या घरावर आहे. पूर्वी पोळ्याला दारव्ह्याहून छायाचित्रकार सायकलला कॅमेरा बांधून आमच्या गावी येत. त्यांनी काढलेला वडिलांचा बैलजोडीसोबतचा फोटो पुढे वाळवीने फ्रेमसकट खाल्ला. वडील गेल्यावर मी त्या छायाचित्रकारांच्या स्टुडिओत गेलो, तेव्हा त्यांनी जुन्या वहीत क्रमांक शोधून पाकिटातली निगेटिव्ह काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली: पांढरेशुभ्र बैल कोळशासारखे काळे, आणि उन्हात रापलेले आमचे बाबा गोरेपान! त्याच फिल्मवरून काढलेला फोटो आज भिंतीवर आहे.

तो स्टुडिओ आता बंद झाला असून पाकिटांची खोकी भंगारात गेली. दोष कुणाला द्यावा? जागा अडते, गिऱ्हाईक येत नाही. पण त्या खोक्यांत पंचक्रोशीतली लग्ने, पोळे आणि हयात नसलेली माणसे होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचा दुसरा फोटो कुठेही नसेल.

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांनी अशा निगेटिव्ह ताब्यात घेऊन वह्यांसकट कोरड्या कपाटात ठेवाव्यात, कारण वही हरवली तर चेहऱ्यांना नावे उरत नाहीत. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवून मोबाइलने टिपली आणि छटा उलटवल्या, तरी ओळख पटण्याजोगे चित्र मिळते. फिल्म मात्र कडेनेच धरावी. दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर हाती घेणे बरे. तोवर आपल्या पुरवणीने वाचकांकडून बंद पडलेल्या स्टुडिओंची माहिती मागवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ