यंत्राबरोबर ते चालवणारा माणूसही द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात पेशीजीवशास्त्र शिकवते. हे पत्र एंडोसायटोसिसबद्दल आहे, म्हणजे पेशी बाहेरची वस्तू आत कशी ओढून घेते त्याबद्दल. विषय पुस्तकी वाटेल. पण रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण यकृताच्या पेशीत जातात ते याच वाटेने, आणि पावसाळ्यात घरोघरी धास्ती निर्माण करणारा डेंग्यूचा विषाणूही पेशीत शिरतो तो याच वाटेने. ही वाट कोणती प्रथिने उघडतात आणि ती रोखली तर काय होते, हा आमच्या अभ्यासाचा प्रश्न.

पेशीपटलाच्या आतल्या अंगाला क्लॅथ्रिन या प्रथिनाची टोपलीसारखी जाळी विणली जाते. तिथे पटल आत वळते, खड्डा खोल होत जातो, आणि त्याच्या मानेभोवती डायनॅमिन हे दुसरे प्रथिन वेटोळे घालून ती मान तोडते. मग सुटलेली पुटिका, म्हणजे पटलाची बुडबुड्यासारखी इवली पिशवी, पेशीत जाते. डायनॅमिनचे महत्त्व कळायला एका फळमाशीची मोठी मदत झाली. डायनॅमिनच्या जनुकात ठरावीक बदल असलेली माशी २९ अंशांच्या आसपास लुळी पडते आणि गारव्यात आणली की पुन्हा चालू लागते, कारण उष्णतेत तिच्या मज्जापेशींना वापरलेल्या पुटिका परत आत घेता येत नाहीत. या माशीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन यांनी मोलाचे काम केले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) सत्यजित मेयर यांच्या गटाने तर क्लॅथ्रिन आणि डायनॅमिन दोन्ही न लागणारी वेगळीच वाट दाखवून दिली. म्हणजे हा विषय भारताला नवा नाही.

यातून औषधे निघतात का, असे आपण विचाराल. निघतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले ते कोलेस्टेरॉलचे कण पेशी कशी उचलते हे उलगडल्याबद्दल. पुढे २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत पीसीएसके९ या प्रथिनातला दोष सापडला. हे प्रथिन कोलेस्टेरॉलचे कण पकडणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटून पेशीत जाते आणि त्याला परत पृष्ठभागावर येऊ देत नाही, पेशीतच त्याचा नाश घडवते. पीसीएसके९ ला अडवणारी इंजेक्शने २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. जनुकातल्या दोषापासून रुग्णापर्यंत बारा वर्षे, आणि मध्ये पेशीच्या या वाटेचे ज्ञान.

आता मुद्द्यावर येते. वाट रोखणाऱ्या रेणूंना आम्ही इनहिबिटर म्हणतो. डायनॅमिन रोखणारा डायनॅसोर हा रेणू २००६ मध्ये सुमारे १६,००० रसायने तपासून सापडला. क्लॅथ्रिनसाठी २०११ मध्ये पिटस्टॉप आला. दोघांचे मोठे स्वागत झाले. पण २०१२ मध्ये दिसले की पिटस्टॉप क्लॅथ्रिनचा संबंध नसलेल्या वाटाही अडवतो. पुढच्याच वर्षी, ज्या पेशींतून डायनॅमिनची तिन्ही जनुके काढून टाकली होती त्यांच्यावरही डायनॅसोरचा परिणाम दिसला. जे प्रथिन पेशीत नाहीच, त्याला रेणू अडवणार कसा? परिणाम दुसऱ्याच कशातून होत होता. शिवाय डायनॅसोर सीरममधल्या, म्हणजे पेशी वाढवताना घालतात त्या रक्तद्रवातल्या, प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे सीरम असलेल्या माध्यमात प्रयोग केला तर तो निकामी ठरतो.

म्हणून एका इनहिबिटरवर काढलेला निष्कर्ष आज कोणी मान्य करत नाही. दुसऱ्या रेणूने तीच गोष्ट दाखवावी लागते, जनुक दाबून तिसऱ्यांदा दाखवावी लागते, आणि हे सगळे पुन्हा पुन्हा करावे लागते. खरा खर्च इथे आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प क्लोरप्रोमाझिनवर भागवावे लागतात, कारण मनोविकारावरचे हे जुने औषध स्वस्त आहे आणि सहज मिळते. ते क्लॅथ्रिनचे खड्डे रोखते हे खरे, पण पेशीत इतरही बरेच काही करते. अशा प्रयोगातून मुलाला उत्तर मिळत नाही, फक्त गुण मिळतात. याचे मला फार वाईट वाटते.

सरकारी अनुदान मात्र बहुतेक वेळा एकरकमी, यंत्रासाठी येते. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक येतो, फीत कापली जाते, आणि वॉरंटी संपल्यावर देखभाल करारासाठी पैसा नसतो. तंत्रज्ञाचे पद रिकामे राहते. सोलापूरच्या उन्हाळ्याची भर वेगळीच. पेशी ३७ अंशांवर वाढवतात, आणि त्या ज्यात ठेवतात ती पेटी, म्हणजे नेहमीचा सीओटू इनक्युबेटर, फक्त तापवतो, थंड करत नाही. भोवतालची खोली ४० च्या वर गेली आणि वीज गेल्याने वातानुकूलन बंद पडले, की पेशी मरतात आणि त्यांच्याबरोबर कित्येक आठवड्यांचे काम जाते. पुण्यातल्या आराखड्यावर सोलापूरची प्रयोगशाळा उभी करून चालणार नाही.

माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. केगावचे सोलापूर विद्यापीठ आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यासाठी, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या विज्ञान महाविद्यालयांना वापरता येईल असे, पेशीसंवर्धन आणि सूक्ष्मदर्शनाचे एक सामाईक केंद्र हवे. त्यात कायम पदावर एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, इनक्युबेटर आणि वातानुकूलनाला पुरेल अशी अखंड वीज, आणि रसायनांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद असावी. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याची मुले आपले नमुने घेऊन एसटीने सकाळी येतील आणि संध्याकाळी घरी जातील.

दुसरी मागणी खरेदीच्या नियमांची. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये आपल्या वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना जीईएम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलबाहेर खरेदीची मुभा दिली आणि थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. राज्य विद्यापीठांतल्या संशोधनालाही अशी सवलत मिळावी. दहा मिलिग्रॅमच्या रेणूसाठी तीन दरपत्रके मागवली तर सत्र उलटते, आणि सर्वांत कमी दराच्या बाटलीत आहे ते शुद्ध आहे का, हे दरपत्रक सांगत नाही.

डेंग्यूच्या विषाणूला थेट मारणारे औषध आजही आपल्याकडे नाही. तो पेशीत कसा शिरतो हे पाहण्याची इच्छा माझ्या वर्गातल्या मुलींना आहे, तेवढी बुद्धी आणि चिकाटीही आहे. येत्या अर्थसंकल्पात या केंद्रासाठी आवर्ती खर्चाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, ही विनंती. प्रस्तावाचा तपशील, यंत्रांची यादी आणि वार्षिक खर्चाचा अंदाज आम्ही शिक्षक मिळून तयार करून आपल्या कार्यालयाकडे पाठवू.

आपली विश्वासू,
पेशीजीवशास्त्राची एक प्राध्यापिका, सोलापूर