पुनर्विकासाच्या करारात आवाजाचेही कलम हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे-मुंबईत, ठाणे-डोंबिवलीत गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. वाढीव कार्पेट किती, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडे किती महिन्यांचे, पार्किंग कोणाला, यावर सोसायट्यांच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. बांधकामावर साईट इंजिनिअर म्हणून नोकरी केली असल्यामुळे अशा सभांना मलाही बोलावतात. शेजारच्या घरातला आवाज आपल्या घरात किती येईल, हे तिथे कोणी विचारत नाही. हा प्रश्न निघतो तो ताबा घेतल्यावर, आणि तोवर करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. म्हणून हे पत्र.

जुन्या इमारतीत दोन घरांमधली भिंत बहुधा नऊ इंची विटांची असे. गिलाव्यासकट तिचे वजन चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या पुढे जाते. आता त्या जागी अनेकदा चार इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत येते, ती गिलावा धरूनही शंभर-सव्वाशे किलोंच्या आसपास. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज अडवते ते मुख्यतः भिंतीचे वजन. वजन दुप्पट केले की साधारण ५ ते ६ डेसिबल जास्त अडतात, चौथाई केले की १० ते १२ डेसिबल कमी. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. एएसी ब्लॉक वाईट नाही. इमारतीवरचा भार कमी होतो, उन्हाचा तापही कमी पोचतो. घरातल्या घरात, दोन खोल्यांमध्ये तो खुशाल वापरावा. पण दोन कुटुंबांच्या मध्ये एकच पातळ, हलकी भिंत नको. एक तर ती जड हवी, नाहीतर मध्ये पोकळी ठेवून, तीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरून दुहेरी बांधायला हवी.

आणि भिंत चांगली असली तरी भोक तिचा घात करते. ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत क्षेत्रफळाच्या शेकडा १ इतकी मोकळी फट राहिली, तर सगळी भिंत मिळून जेमतेम २० डेसिबल अडवते. आमच्याच भागातल्या एका नव्या इमारतीत ओळखीच्या बाईंनी मला बोलावले होते. त्यांची तक्रार अशी की शेजारचे फोनवर बोलतात ते पलंगावर पडल्या पडल्या शब्दन्‌शब्द कळते. भिंत ठोकून पाहिली, ठीक वाटली. मग पलंगाशेजारचा स्विचबोर्ड उघडला. आतल्या पेटीला पाठच नव्हती आणि पलीकडच्या घराचा बोर्ड नेमका त्याच जागी, पाठीला पाठ लावून बसवलेला. मध्ये पाइपचे दोन तुकडे आणि मोकळी हवा. नकाशावर ते दोन बोर्ड फूटभर सरकवले असते तर एक पैसा जास्त लागला नसता. तीच गोष्ट भिंतीच्या माथ्याची. ब्लॉकची भिंत बीमला भिडते तिथला सांधा नीट भरलाच जात नाही, वरून फॉल्स सीलिंग येते आणि तो कायमचा झाकला जातो.

वरच्या मजल्याच्या आवाजाचे दुखणे वेगळे आहे. खलबत्त्यात वेलदोडे कुटणे, खुर्ची ओढणे, मुलांचे धावणे हा आवाज हवेतून येत नाही. थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि तिथून भिंतींत उतरतो. अॅल्युमिनियमच्या साच्यांत (फॉर्मवर्क) भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे ओतले की शेजारचे बोलणे चांगले अडते, पण ठोका दूरवर पोचतो. खाली राहणारे मग वरच्यांशी भांडतात. माझ्या मते वरच्या माणसांचा त्यात फारसा दोष नसतो. मुलांनी घरात धावायचे नाही तर कुठे? उपाय फरशीखाली आहे: स्लॅबवर रबराचा किंवा फोमचा पातळ थर, त्यावर मसाल्याचे बेडिंग आणि टाइल. हा थर कडेने भिंतीवर टाइलच्या उंचीपर्यंत चढवावा लागतो, म्हणजे फरशी भिंतीला कुठेही टेकत नाही. एका कोपऱ्यात मसाला भिंतीला चिकटला, तरी ठोक्याला वाट मिळते आणि खर्च बराचसा वाया जातो. म्हणून हे काम चालू असताना सोसायटीचा माणूस तिथे उभा हवा.

याहून स्वस्त उपाय नकाशातच असतात. लिफ्टची भिंत झोपण्याच्या खोलीला लागू नये. शेजाऱ्याच्या मिक्सरचा ओटा आपल्या उशाच्या भिंतीपलीकडे येऊ नये. सांडपाण्याचे पाइप जाणारी डक्ट बेडरूमला लागून असेल तर पहाटेपासून प्रत्येक फ्लश ऐकू येतो, कारण पीव्हीसीचा पाइप जुन्या बिडाच्या पाइपापेक्षा खूप हलका असतो. पंपाखाली रबरी पॅड आणि पंपाच्या पाइपात लवचीक जोड घातला नाही, तर पाण्याच्या वेळेला सगळी इमारत गुणगुणते.

रस्त्याच्या आवाजाबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्या हवेत खिडक्या उघड्याच राहणार, आणि उघड्या खिडकीतून आवाज १० ते १५ डेसिबलनेच घटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ती पाळली गेली तर खोलीत तीसेक डेसिबल उरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपेच्या खोलीसाठी सुचवलेला आकडाही ३० चाच आहे. पण हमरस्त्याला लागून ४५ कुठले मिळायला? तिथे झोपण्याच्या खोल्या मागच्या बाजूला घेणे हाच खरा इलाज. कुंपणाची भिंत पहिल्या मजल्याच्या वर उपयोगाची नाही आणि झाडांची एक रांग आवाज जवळजवळ अडवतच नाही. (झाडे जरूर लावा, पण सावलीसाठी.) खिडकी बंद ठेवायचीच असेल तर सरकत्या खिडकीपेक्षा रबरी पट्टीवर (गॅस्केट) दाबून बसणारी, बिजागरीची खिडकी केव्हाही सरस.

सोसायटीच्या हॉलचेही सांगायला हवे, कारण तिथे ज्येष्ठांचे फार हाल होतात. समजा हॉल १२ मीटर लांब, ८ रुंद, साडेतीन उंच. खाली टाइल, वर सपाट छत, भिंतींना रंग. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात प्रयोग करून जे सूत्र दिले त्यात हे आकडे घातले आणि पृष्ठभाग शेकडा ३ आवाज शोषतात असे धरले, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सुमारे साडेपाच सेकंद लागतात. तोवर वक्त्याची पुढची दोन वाक्ये पहिल्यावर येऊन आदळलेली असतात. माइक मोठा केला की गोंधळही तेवढाच मोठा होतो. छताला शेकडा ७० शोषणारे अकूस्टिक टाइल लावले की तोच काळ पाऊण सेकंदाच्या आत येतो. मात्र शोषणे आणि अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराच्या भिंतीवर फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) भाग ८ मध्ये ध्वनीवर स्वतंत्र विभाग आहे. पण संहिता स्वतःहून कायदा नाही, आणि कोणी मोजून पाहत नाही तोवर ती कागदावरच राहते. इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्या घरांपैकी काहींच्या भिंती आणि मजले ताब्याआधी यंत्र लावून तपासण्याचा, नाहीतर आधीच मान्य झालेल्या रचनेप्रमाणे ते बांधण्याचा नियम आहे. तपासणीत दोन घरांमधली भिंत तिथल्या मोजणीच्या पद्धतीने किमान ४५ डेसिबल अडवते, हे दाखवावे लागते.

आपल्याकडे सरकारची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाची प्रक्रिया चालते, तेव्हा सल्लागार निवडण्यापासून निविदेपर्यंत सोसायटीचा शब्द चालतो. याच वेळी निविदेत दोन घरांमधल्या भिंतीचा प्रकार, फरशीखालचा थर आणि डक्टची जागा लिहून घ्यावी. ताब्याआधी कोणत्याही दोन-चार घरांत त्रयस्थाकडून मोजणी करावी आणि भिंती-मजले तीत उतरेपर्यंत बिल्डरने दिलेल्या बँक हमीचा काही भाग सोडू नये, अशी अटही घालावी. एखाद्या सोसायटीने असे कलम करारात घातले असेल तर तिने त्याचा मसुदा आपल्या याच सदरात पाठवावा, अशी विनंती आहे. आमची सोसायटी येत्या काही महिन्यांत निविदा काढणार आहे आणि आम्हाला तो हवा आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे