बाबा, यंदाची कांदेबाग लावाच

नाशिक,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा म्हणाले, की यंदा केळीची कांदेबाग लावायची नाही, बँकेतली मुदत ठेव मोडून रक्कम घरात ठेवायची आणि आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन सध्या राहू द्यायचे. कारण विचारले तेव्हा "दिवस फार थोडे उरले आहेत, बेटा," एवढेच तुम्ही बोललात. फोनवर आपले बोलणे लगेच वादाकडे वळते आणि हा विषय वाद घालण्याचा नाही, म्हणून उपासनेहून घरी आल्यावर सविस्तर लिहायला बसले आहे. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे, कारण ते दोघांसाठी आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. प्रभू पुन्हा येणार आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रभुभोजन घेताना त्याच्या मरणाची घोषणा आपण तो येईपर्यंत करतो, आणि हे मी तुमच्याच मांडीवर बसून शिकले. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये रात्रपाळी करून आल्यावरही आंघोळ झाली की आधी पवित्र शास्त्र उघडणारे बाबा मी पाहिले आहेत. त्यामुळे शहरात राहून, बँकेत नोकरी करून मुलीचा विश्वास पातळ झाला, असे कृपया समजू नका. मला काळजी आहे ती त्या वाट पाहण्यात शिरलेल्या भीतीची. आई सांगते की तुम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल हातात घेऊन बसता. युक्रेनचे युद्ध, गाझातले युद्ध, अंतकाळाचे चिन्ह म्हणून दाखवल्या जाणाऱ्या, 2022 मध्ये टेक्सासहून इस्राएलला नेलेल्या पाच लाल कालवडी, हाताच्या कातडीखाली बसवायची चिप, असे एकामागून एक व्हिडिओ पाहता आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहता. प्रभूच्या येण्याची बातमी पहिल्या मंडळ्यांना सांगितली गेली ती एकमेकांचे सांत्वन करण्यासाठी. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला तसे शब्दशः लिहिले आहे. ज्या बातमीने माणसाची झोप उडते आणि त्याचे हात कामावरून निघतात, ती त्याच बातमीच्या नावाने येत असली तरी तिची पारख केली पाहिजे.

तुम्ही आधार कार्डाला प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या, देवाच्या शत्रूच्या म्हणजे श्वापदाची खूण म्हणालात. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो आपल्या खान्देशातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. तेव्हापासून तिथले लोक त्या बारा अंकांवर रेशन आणि अनुदान घेत आले आहेत. त्यासाठी कोणाला कोणापुढे गुडघे टेकावे लागले नाहीत. प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय आपण दोघांनी मिळून पुन्हा वाचावा अशी माझी विनंती आहे. तिथे उजव्या हातावरची किंवा कपाळावरची खूण आणि खरेदी-विक्रीची बंदी सांगितली आहे हे खरे; परंतु त्याआधी श्वापदाच्या मूर्तीला नमन करण्याची सक्ती येते, आणि चौदाव्या अध्यायात पूजा व खूण ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत. ते पुस्तक लिहिणारा योहान ज्या सात मंडळ्यांना लिहीत होता, त्या रोमन राज्यात बादशहाच्या पूजेच्या दडपणाखाली राहत होत्या, आणि प्रश्न होता तो कोणाला प्रभू मानायचे हा. अंगठा मशीनवर ठेवताना नकळत हातून प्रभू सुटेल, इतका त्याचा हात सैल नाही. त्याच पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देवाच्या दासांच्या कपाळावर त्याचा शिक्का मारला जातो. त्या शिक्क्याविषयीचा व्हिडिओ तुम्हाला कोणी पाठवल्याचे मी ऐकले नाही. अमेरिकेतल्या दुकानांत 1974 मध्ये बारकोड आला, त्यानंतरही त्याच्या रेघांत श्वापदाचा आकडा 666 दडला आहे असे पुष्कळ लोक शपथेवर सांगत होते. आज आपण साबणाच्या वडीवर तो रोज पाहतो.

दिवस मोजण्याविषयीही लिहिते. उपदेशक विल्यम मिलर यांच्या हिशेबावर विसंबून अमेरिकेतले हजारो भाविक 22 ऑक्टोबर 1844 ला प्रभू येईल म्हणून वाट पाहत होते. काही शेतकऱ्यांनी तर उभे पीकही काढले नाही. तिथलेच उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून त्यासाठी 21 मे 2011 ही तारीख सांगितली, लोकांनी आयुष्यभराची पुंजी त्या प्रचारावर घातली, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच तारीख सांगणे हे पाप होते असे कबूल केले. हे लोक खोटे होते असे मी म्हणत नाही. त्यांच्यातले अनेक जण तुमच्याइतकेच भक्तिमान होते, म्हणून तर वाईट वाटते. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात शिष्य चिन्हे विचारतात, तेव्हा प्रभूच्या तोंडून युद्ध, दुष्काळ किंवा भूकंप हे शब्द नंतर येतात. पहिले वाक्य येते ते कोणी तुम्हाला फसवू नये म्हणून सांभाळा, असे. लढायांविषयी ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, हेही तो तिथेच सांगतो.

आणि बाबा, तो अध्याय संपतो कुठे, ते पाहा. घरच्या लोकांना वेळेवर खायला द्यावे म्हणून धन्याने नेमलेल्या दासाची गोष्ट शेवटी येते, आणि धनी परत येईल तेव्हा ज्याला तेच काम करताना पाहील तो दास धन्य, असे प्रभू म्हणतो. तुम्ही आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ज्या सालदाराला वर्षाच्या बोलीवर ठेवले, त्याची दोन मुले शाळेत जातात. बाग लागली नाही तर त्याचे वर्ष कसे निघणार, हा प्रश्न माझ्या दृष्टीने कालवडींपेक्षा प्रभूच्या येण्याशी अधिक जवळचा आहे. थेस्सलनीकातही काही जणांनी कामधंदा सोडला होता. पौलाने त्यांना स्वस्थपणे काम करून स्वतःची भाकर खाण्याची आज्ञा केली. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशा बातमीने, आत्म्याच्या किंवा पत्राच्या नावाने आली तरी, घाबरून जाऊ नका, असेही त्याच पत्रात आहे.

मला मुख्यतः यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या बत्तिसाव्या अध्यायाविषयी लिहायचे आहे, कारण तुमच्या शेताचा विचार करताना मला सारखा तोच आठवतो. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, तटाला लागून मोर्चे, म्हणजे शत्रूचे चढाईचे बांध, उभे राहिले आहेत, शहरात तलवार, दुष्काळ आणि मरी आहे. शहर पडणार हे यिर्मयाला कोणापेक्षाही चांगले ठाऊक आहे, कारण तेच सांगितल्याबद्दल राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातले माझे शेत विकत घे. अनाथोथ हे यरुशलेमजवळचे गाव, म्हणजे शत्रूच्या हातातला मुलूख. कोणत्याही हिशेबाने तो सौदा तोट्याचा होता. तरी यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, खरेदीखत लिहून त्यावर सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हवाली केल्या आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. बँकेत रोज गहाणखते आणि सातबारे हाताळणारी मी, हे वाचताना प्रत्येक वेळी थांबते. वेढ्यातही संदेष्ट्याने कागदपत्रात कसूर ठेवली नाही! या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे वचन त्याला मिळाले होते, आणि त्या वचनावरचा आपला भरवसा त्याने रोख रुपे मोजून दाखवला.

त्यानंतर तो प्रार्थना करतो, आणि ती प्रार्थना मला फार धीर देते. मोर्चे तर आलेच आहेत, प्रभू, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असे तो म्हणतो. म्हणजे त्यालाही कळत नव्हते. गोंधळलेल्या मनानेच त्याने आज्ञा पाळली, आणि मला काही कठीण आहे काय, हे देवाचे उत्तर त्याला मागाहून मिळाले. पुढे इसवीसनपूर्व 586 च्या सुमारास शहर पडले. यिर्मयाला लोकांनी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेले, आणि त्या शेतात त्याने कधी नांगर धरल्याचे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. फळ आपल्या ओंजळीत पडेल की नाही हे ठाऊक नसताना केलेले ते काम होते. केळीचे तसेच तर आहे, बाबा. आज रोप लावले तर घड उतरायला वर्ष जाते, मधल्या काळात करपा, वादळ, मे महिन्यातली उन्हाची लाट, सावद्याच्या बाजारातला भाव, यांतले काहीच आपल्या हातात नसते, आणि तरी तुम्ही निवृत्तीनंतर दर वर्षी खोड लावत आलात. तो भरवसाच होता. त्याला नाव देण्याची तुम्हाला गरज पडली नाही, इतकेच.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुम्हीच आम्हा भावंडांना सांगत असा. 1896 नंतरच्या त्या वर्षांत महाराष्ट्रात प्लेग होता, एकापाठोपाठ दुष्काळ पडत होते, जगबुडी आली असे म्हणण्याजोगीच परिस्थिती होती. त्या काळात बाई मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना छापखान्याचे काम शिकवले आणि शेवटपर्यंत शास्त्राच्या भाषांतराचे खिळे जुळवून घेतले. प्रभूच्या येण्याची ओढ त्यांना आपल्यापेक्षा कमी होती असे कोण म्हणेल?

आता पैशाविषयी, कारण ते माझे रोजचे काम आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2022 पासून सामान्य लोकांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला आहे. तो रुपयाच आहे, कागदाऐवजी मोबाइलमधला, आणि तो घेण्याची कोणावरही सक्ती नाही. नोटा बंद झालेल्या नाहीत. 2016 च्या नोव्हेंबरात रांगेत उभे राहण्याचे जे हाल तुम्ही सोसले, त्यामुळे मनात धास्ती बसली असेल तर ती मी समजू शकते. तरीही ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळेल आणि घरातल्या रोकडीने रात्रीची झोप आणखी जाईल. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, आणि तुमची रक्कम त्याच्या आत आहे. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागेल. अंगठा मशीनवर ठेवायला तुमचा विवेक खरोखरच तयार नसेल, तर शाखेत स्वतः जाऊन कागदावर सही करण्याची सोय आहे. मी रजा काढून तुमच्याबरोबर येईन. कोणाच्या विवेकावर जबरदस्ती करू नये हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात मीही वाचले आहे. परंतु दाखलाच न देता पेन्शन थांबू देणे यात विश्वास नाही. त्यात आईच्या औषधांची आबाळ आहे.

आई, तुझ्याविषयी वेगळे लिहिते. गेल्या खेपेला तू गायनाचे पुस्तक खिडकीच्या गजापर्यंत नेऊन, एक डोळा मिटून ओळ शोधत होतीस आणि पाठ असलेले कडवे म्हणताना वाचत असल्यासारखे दाखवत होतीस. मी पाहिले. प्रभू आंधळ्यांच्या डोळ्यांना हात लावून त्यांना दृष्टी देत असे. त्याला तुझी अंधुक नजर प्रिय आहे असे मानण्याला शास्त्रात काही आधार नाही. मोतीबिंदू जितका पिकतो तितके डॉक्टरांचे काम अवघड होते. जळगावच्या डॉक्टरांकडे मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारची वेळ घेतली आहे. सोमवारी रक्ततपासणी करून घे आणि साखरेची गोळी चुकवू नकोस.

जगात संकटे येणारच नाहीत असे मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण प्रभूने तसे सांगितलेले नाही. एक मात्र मनात येते ते लिहून टाकते. तुम्हाला छळणारी भीती कदाचित श्वापदाची नसेल. हातपाय थकत चालले, भावंडे एकेक करून गेली, मुले दूर गेली, आणि पुढे काय होईल तेव्हा आपल्याजवळ कोण असेल, ही ती भीती असावी. आणि तिला जगाच्या अंताचे रूप मिळाले की ती सांगायला सोपी जाते. तसे असेल तर यशयाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायातले चौथे वचन तुमच्यासाठीच आहे: म्हातारपणापर्यंत मी तोच आहे, केस पिकेपर्यंत मी तुम्हाला वाहून नेईन, असे तिथे देव म्हणतो. आणि जवळ असण्याचे म्हणाल, तर ते कर्तव्य आम्हा मुलांचे आहे. धाकट्याशी माझे बोलणे झाले आहे. यापुढे महिन्यातून एक रविवार आमच्यापैकी कोणीतरी घरी असेल. रात्री नऊनंतर मोबाइल आईच्या कपाटात राहील एवढे मात्र तुम्ही कबूल करा. त्या वेळी मीच घरच्या फोनवर येईन, आपण एक स्तोत्र वाचू आणि तुम्ही प्रार्थना करा; तुमची प्रार्थना ऐकून झोपण्याची सवय मला अजून आहे.

रोपवाटिकेत केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नोंदणी लवकर बंद होते असे सालदार सांगत होता. नदीकाठच्या तुकड्यात या वर्षी जुन्या खोडांच्या पिलांची पिलबाग ठेवायची की तोही नव्याने लावायचा, हे तुम्ही ठरवा आणि किती हजार खोड धरायचे तो आकडा मला शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे आगाऊ रक्कम मी इथून भरते. ठिबकच्या नळ्या कुठे कुरतडल्या आहेत तेही पाहून ठेवा. पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या सर्वांना माझा सलाम सांगावा.

तुमची,
थोरली