बेंचवर बसायला नको म्हणणाऱ्या मुलीस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, फिजिओ मॅडम खूश आहेत, काठीही सुटली. मग संध्याकाळी बास्केटबॉल टीमच्या प्रॅक्टिसला जात का नाहीस? "नुसतं बघत बसवत नाही गं," म्हणालीस. ते मला कळतं. तरी लिहायला घेतलं, कारण फोनवर माझं बोलणं सुरू झालं की तू "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस.

बेकी हॅमनचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्याच तोंडून. तुला ती अमेरिकेतल्या लास वेगास एसेस या बायकांच्या बास्केटबॉल टीमची कोच म्हणून ठाऊक: 2022, 2023 आणि 2025 ची विजेतेपदं. मला तिची त्याआधीची वर्षं जास्त ओढून घेतात.

साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीची पोर, उंची पाच फूट सहा इंच. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळताना तीनदा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, ठरली. शेवटच्या वर्षी, 1998-99 ला, तिची टीम 33 सामने जिंकली आणि फक्त 3 हरली. एवढं करून डब्ल्यूएनबीए या बायकांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा नव्या खेळाडू निवडतात तिथे, तिचं नाव कुणी घेतलं नाही! आदल्या डिसेंबरात एबीएल ही दुसरी लीग हंगामाच्या मध्यावर बंद पडली होती आणि तिथल्या मुरलेल्या खेळाडू त्याच ड्राफ्टमध्ये आल्या, तेव्हा कॉलेजातल्या मुलींना जागा उरली कुठे? न्यूयॉर्क लिबर्टी या टीमने नंतर तिला घेतलं ते टेरेसा वेदरस्पूनच्या मागे, राखीव गार्ड म्हणून. तिथून पुढे ती सहा वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाली. 2007 मध्ये सॅन अँटोनियोच्या टीमकडे गेली.

आता रशियाचा भाग. यावरून तुझे बाबा आणि मी अजून भांडतो.

तिकडची लीग उन्हाळ्यापुरती. त्या काळी मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूलाही वर्षाला एक लाख डॉलरच्या आत पगार. म्हणून हिवाळ्यात या बायका तुर्कस्तान, इटली, रशिया गाठायच्या आणि तिथे घरच्यापेक्षा कितीतरी जास्त कमवायच्या. हॅमन मॉस्कोच्या सीएसकेए क्लबकडे गेली. बीजिंग ऑलिंपिकसाठी अमेरिकेने निवडीची जी यादी केली, तिच्यात हिचं नाव नव्हतं. रशियाने विचारलं. हिने त्यांचा पासपोर्ट घेतला आणि 2008 मध्ये त्यांच्याकडून उतरली. अमेरिकेच्या कोच अ‍ॅन डोनोव्हन उघड म्हणाल्या की ही देशप्रेमी नव्हे. उपांत्य सामना नेमका अमेरिकेशीच पडला. रशिया 67-52 हरली आणि हॅमनचे गुण झाले तीन. ब्राँझसाठी चीनशी गाठ पडली तेव्हा मात्र तिने 22 केले आणि पदक घेऊन आली.

बाबा डोनोव्हनबाईंच्या बाजूचे. मी म्हणते, ज्यांनी यादीत घेतलं नाही त्यांनी देशप्रेमाचा हिशोब मागू नये. खेळाडूची दहा-पंधरा वर्षं असतात, तेवढ्यात तिने पोटाचंही बघायचं असतं. तुझ्यापुढे हा पेच येणार नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय पासपोर्टशिवाय भारताकडून खेळता येत नाही. तुझ्यापुढे पेच रेल्वेचा. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी मिळाली की पोरगी मार्गी लागली, असं बाबांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. सदर्न रेल्वेची आपली बास्केटबॉलपटू गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्स क्लबकडून खेळून आली, 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या टीमांसमोर ट्रायलही देऊन आली. नोकरीने तिची वाट अडवली नाही.

पण पत्र लिहितेय ते तुझ्या गुडघ्यासाठी. जुलै 2013 मध्ये हॅमनचं एसीएल, गुडघ्यातलं लिगामेंट, फाटलं, तुझ्यासारखंच. वय 36. हंगाम संपला. ती घरी बसली नाही. सॅन अँटोनियोतच पुरुषांची स्पर्स टीम होती. त्या टीमचे कोच ग्रेग पोपोविच हॅमनच्या ओळखीचे, 2012 च्या लंडन ऑलिंपिकहून परतताना विमानात दोघांच्या भरपूर गप्पा झालेल्या. ती त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसू लागली, कोच मंडळींच्या मीटिंगमध्ये बसू लागली. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्सनी तिला पगारी असिस्टंट कोच नेमलं आणि तो हंगाम खेळून तिने बूट काढले. 30 डिसेंबर 2020 ला पोपोविचना रेफरींनी बाहेर काढलं तेव्हा टीम तिच्या हाती आली. एनबीएच्या, म्हणजे पुरुषांच्या लीगच्या, सामन्यात बाईच्या हाती टीम येण्याची ती पहिलीच वेळ. समोर लेकर्सची टीम होती, स्पर्स सामना हरले. हरू देत.

तू म्हणशील, तिचं खेळायचं वय सरत आलं होतं, माझं आत्ता कुठे सुरू होतंय. खरंय. तुला कोच व्हायचंय की नाही ते तुझं तू ठरव, मला घाई नाही. पण तू पॉइंट गार्ड आहेस, टीमचा खेळ चालवणारी. खेळताना समोरचा माणूस दिसतो, बेंचवरून दहाही जणी दिसतात. समोरची पोरगी वाट अडवायला आडवी उभी राहिली की त्या स्क्रीनची हाक कोण उशिरा देते, टाइम-आउटमध्ये सर कुणाला ओरडतात आणि कुणाला मुद्दाम ओरडत नाहीत, थकली की कोणाचा डावा हात खाली येतो. हे सगळं तू बसल्या बसल्या टिपू शकतेस. आठवड्यातून दोनदा जा. पहिले काही दिवस जड जाईल. रडू आलं तर बाथरूममध्ये जाऊन रड आणि परत येऊन बस.

रेल्वेच्या ट्रायलचं गुडघा काय म्हणतो त्यावर ठरवू. बाबा फॉर्म आणून ठेवणारच आहेत, ठेवू दे त्यांना.

शेजारच्या काकू रविवारी तिकडे येताहेत, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि सातूचं पीठ पाठवतेय. हॉस्टेलभर वाटून टाकू नकोस. प्रथिनं पोटात गेली पाहिजेत असं फिजिओ मॅडमनीच सांगितलंय, आणि ती तुझ्या पोटात, तुझ्या रूममेटच्या नव्हे.

तुझी,
आई